पैलतीराला जाणारा भात

पूर्वी वेणुमती नदीच्या काठी सोमतीर नावाच्या नगरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या कुळात जन्माला आला होता. वयात आल्यावर त्याने वडिलांकडून नाडी, औषधी आणि पथ्य यांचे ज्ञान घेतले आणि पुढे तो राजवैद्य झाला. त्याची एक सवय नगरात सर्वांना ठाऊक होती. रोग्याकडे गेला की तो आधी त्याच्या घराभोवती एक फेरी मारून येई. चूल कुठे आहे, पाणी कुठून आणतात, अंगणात कोणती पाखरे उतरतात, हे पाहून मगच नाडीला हात लावी. लोक त्याला हसत, पण बरे होत.

त्या काळी उत्तरेकडच्या शालवन आणि अश्वकूट या दोन राज्यांत युद्ध पेटले. अश्वकूटच्या सैन्याने शालवनची गावे जाळली. तिथले लोक पाठीवर मुले आणि डोक्यावर बोचकी घेऊन नदीच्या काठाकाठाने सोमतीरला आले. जयसेनाची राणी शालवनची होती. राजाने त्या लोकांना नगराबाहेर झोपड्या बांधू दिल्या, आणि त्याच दिवशी दवंडी पिटवली की अश्वकूटचा माणूस आपल्या हद्दीत दिसला तर त्याला हेर समजून धरावे.

निर्वासितांना जेवू घालण्याचे काम वेणुमतीदेवीच्या उपासकांनी आपण होऊन उचलले. रोहण नावाचा गृहस्थ त्यांचा प्रमुख होता. देवळासमोर चुली मांडल्या गेल्या, मोठमोठी तपेली चढली आणि रोज दोन वेळा भात, मुगाचे वरण आणि ताक असे जेवण सुरू झाले. रोहण स्वतः पंगतीतून फिरे. "हात आखडू नका, पान रिकामे दिसता कामा नये," असे तो वाढणाऱ्यांना सांगे.

तीन आठवडे गेले आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. मुलांची अंगे भरली, पण मोठी माणसे वाळत चालली. बायकांच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. दोन म्हातारे तर अंथरुणावरून उठेनासे झाले. अमात्य म्हणाले, "ही साथ असावी. नगरात शिरण्याआधी वस्ती रानात हलवलेली बरी."

राजाने बोधिसत्त्वाला बोलावून सांगितले, "वैद्यराज, सात दिवसांत या रोगाचे नाव सांगा. नाही सांगता आले, तर मला वस्ती हलवावी लागेल."

बोधिसत्त्व वस्तीत गेला. त्याने एकेकाची नाडी पाहिली. ताप कोणाला नव्हता. जिभा स्वच्छ होत्या. नाडी भुकेची होती. ज्यांच्या पानात दोन वेळा भाताचा ढीग पडत होता, त्यांची नाडी भुकेची कशी? त्याने विचारले, "पोटभर जेवता ना?" सगळ्यांनी सांगितले, "हो, देवीची कृपा आहे." सगळ्यांनी ते इतक्या पटकन सांगितले की त्याचे कुतूहल आणखीच वाढले.

मग तो पंगतीला बसून तेच अन्न जेवू लागला. विहिरीचे तेच पाणी प्यायला. चार दिवसांत त्याला काही झाले नाही, उलट कमरेचा पट्टा थोडा सैल करावा लागला. पाचव्या दिवशी सकाळी त्याने आपल्या सवयीप्रमाणे वस्तीभोवती फेरी मारली. देवळामागे उष्ट्या पत्रावळ्या टाकण्याचा खड्डा होता. खड्ड्यात पत्रावळ्या थोड्याच होत्या आणि त्यांना शीतही चिकटलेले नव्हते. तिथे एकही कावळा नव्हता, एकही कुत्रे नव्हते.

'जिथे शेकडो माणसे जेवतात, तिथली कुत्री गेली कुठे?' असे मनाशी म्हणत तो कुत्री शोधायला निघाला. ती त्याला नदीच्या उतारापाशी सापडली. सात-आठ कुत्री नगराकडे पाठ आणि पैलतीराकडे तोंड करून बसली होती. वारा तिकडून आला की ती नाके वर करीत आणि शेपट्या हलवीत.

बोधिसत्त्वाने वाळ्याची मुळे खणायची टोपली घेतली आणि दुपारी तो गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेला. तिथे पूर्वी कुंभारांची वस्ती होती. चांगली माती संपल्यावर ते निघून गेले होते आणि त्यांच्या मोठ्या भट्ट्या रुईच्या झुडपांत ओस पडल्या होत्या. एका दगडाखाली पळसाच्या पत्रावळ्या धुऊन, वाळवून रचून ठेवलेल्या होत्या. तेवढ्यात भट्टीतून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू आले.

तो वाकून आत गेला. आत चाळीस-पन्नास माणसे होती. त्याला पाहताच एका तरुण बाळंतिणीने मुलावर पदर ओढला. एक म्हातारा हात जोडून काही बोलला, आणि त्याच्या बोलीवरून बोधिसत्त्वाने ओळखले की हे लोक अश्वकूटचे आहेत. एक लंगडा माणूस तेवढा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवत होता. आणि या सर्वांच्या मधोमध, पदराखालून भाताची पत्रावळ काढत, विपुला बसली होती. ही शालवनच्या कदंबग्रामची वृद्ध कोष्टीण. चारच दिवसांपूर्वी बोधिसत्त्वाने तिची नाडी पाहिली होती.

विपुला दचकली. मग म्हणाली, "वैद्यबाबा, आलातच तर बसा. पण राजाला सांगू नका."

"तुम्ही सगळेच देता?"

"आधी मी एकटीच द्यायची. मग शेजारणीला कळलं, मग तिच्या सुनेला. आता सगळेच देतात, पंगत उठताना पानं पदराखाली घालून आणतात. लेकरांच्या पानातलं मात्र कोणी काढत नाही."

"हे लोक इथे कसे आले?"

"आमची गावं यांच्या सैन्यानं जाळली. मग आमच्या सैन्यानं जाऊन यांची जाळली. जळायला दोन्हीकडे घरंच होती."

बोधिसत्त्व हळूच म्हणाला, "आई, तुझा मुलगा यांच्याच सैन्याने मारला असे तू मला सांगितलेस."

"हो. म्हणून पहिल्या दिवशी मी या पोरीला शिव्या दिल्या. सरपण गोळा करायला आले होते, तर ही झुडपात ओली बाळंतीण पडलेली. तिची बोली ऐकली आणि तोंडात येईल ते बोलले. ती नुसती ऐकत राहिली. शिव्या देऊन झाल्यावर पुढं काय करायचं ते मला कळेना. मग भात आणून दिला."

बोधिसत्त्व पेचात पडला. सत्य सांगावे तर हे लोक धरले जाणार होते. गप्प राहावे तर रोगाचा बोभाटा होऊन अलीकडची वस्ती रानात जाणार होती आणि दोन्ही तीरांवरचे लोक उपाशी मरणार होते. शेवटी तो म्हणाला, "आई, मी राजाशी खोटे बोलणार नाही. पण तू का देतेस हे तुझ्याऐवजी मला सांगता येणार नाही. राजापुढे तू बोलशील?"

विपुला बाळंतिणीकडे पाहत म्हणाली, "बोलेन. मला आता कोणाचं भय धरायचं राहिलंय?"

सातव्या दिवशी बोधिसत्त्वाने राजाला सांगितले, "महाराज, हा रोग नाही. ही माणसे आपल्या पानातला अर्धा भात दुसऱ्यांना देतात."

"कोणाला?"

"तेही सांगतो. पण आधी देणारीला भेटावे. असे देणे मी पूर्वी पाहिले नव्हते. आपणही पाहिले नसेल."

राजालाही नवल वाटले. तो देवळापाशी आला. तिथे विपुलेने सर्व सांगितले. ऐकता ऐकता रोहणाचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "मी रोज पहाटे उठतो ते या लोकांसाठी? माझ्या मेहुण्याचा तांडा अश्वकूटच्या लोकांनी लुटला. त्याचे प्रेतही आम्हाला मिळाले नाही. आणि देवीचे अन्न त्यांच्या पोटात जाते!"

बोधिसत्त्वाने त्याला विचारले, "रोहणा, चूल पेटवताना तुम्ही देवीपुढे काय म्हणता?"

"म्हणतो की माते, तुझ्या तीरावर कोणी उपाशी राहू नये."

"वेणुमतीला तीर किती आहेत?"

रोहण नदीकडे पाहत उभा राहिला. मग रागातच म्हणाला, "दोन."

राजा विपुलेकडे वळला. "बाई, ज्यांनी तुझा मुलगा मारला त्यांना तू जेवू घालतेस?"

विपुला म्हणाली, "महाराज, ज्यानं मारला तो तिथं असता तर मी त्याला भात दिला असता की नाही, मला माहीत नाही. पण तिथं एक बाळंतीण आहे. तिला मी ओळखते."

अमात्य म्हणाले, "महाराज, यात एखादा हेर निघाला तर?"

बोधिसत्त्व पुढे झाला. "मी आजपासून त्या भट्ट्यांत राहायला जातो. प्रत्येकाला पारखून पाहीन. एक जरी हेर निघाला, तरी पहिला दंड मला व्हावा."

राजा शेवटी म्हणाला, "पावसाळा संपेपर्यंत मी सैनिक पाठवणार नाही. त्यापुढचे मी वचन देत नाही."

दुसऱ्या दिवसापासून रोहणाने पैलतीरासाठी वेगळे तपेले चढवले. पावसाने नदीला पाणी चढले होते, म्हणून पहिले दोन दिवस त्याने ते नावेतून नुसते पाठवून दिले. तिसऱ्या दिवशी तो स्वतः नावेत बसला. विपुला वाढायला येऊ लागली. अलीकडच्या बायकांच्या बांगड्या हळूहळू पुन्हा मनगटावर उतरल्या.

बोधिसत्त्व भट्टीत राहत होता, औषधे देत होता आणि प्रत्येकाची कहाणी विचारत होता. एके सकाळी तो त्या लंगड्या माणसाच्या मांडीचा लेप बदलत होता. त्याचे नाव दंतिल होते. जखम बाणाची होती.

"हा बाण कुठे लागला?"

दंतिलने तोंड भिंतीकडे वळवले. मग म्हणाला, "कदंबग्रामच्या वेशीवर. मी अश्वकूटच्या सैन्यात होतो. आग लावणाऱ्यांत होतो. त्या गावानंतर हातातला पलिता टाकला आणि पळालो. घरी आलो तर माझंही गाव जळत होतं."

"विपुला कदंबग्रामची आहे. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर भिंतीकडं तोंड करून जेवतो."

"तिला सांगणार का?"

"सांगायला पाहिजे," दंतिल म्हणाला.

त्या दुपारी त्याने पंगत बसण्याआधी विपुलेला सर्व सांगितले. तिने हातातले भाताचे भांडे खाली ठेवले. म्हणाली, "माझा पोरगा उंच होता. कानात पितळेची बाळी होती. तुझ्यासमोर आला होता का?"

"धूर फार होता, आई. मला कोणी दिसलं नाही."

"मला आई म्हणू नकोस," विपुला म्हणाली, आणि न वाढताच नावेत जाऊन बसली.

दोन दिवस ती आली नाही. दंतिल जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ती आली आणि पंगतीत वाढू लागली. दंतिलच्या पानापाशी तिचा हात थांबला. सगळी पंगत पाहत होती. मग तिने त्याच्या पानात भात वाढला. तोंडाकडे पाहिले नाही. वरण वाढायला ती थांबली नाही, ते मागून येणाऱ्या बाईने वाढले.

बोधिसत्त्व तसाच नदी ओलांडून राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, पैलतीरावर हेर नाही. पण युद्ध सोडून पळालेला एक सैनिक आहे. त्याने कदंबग्राम जाळायला हातभार लावला होता. मी त्याला लपवणार नाही. दंड द्यायचा असेल तर मी समोर उभा आहे."

राजाने मग विचारले, "हे त्या बाईला कळले?"

"त्यानेच सांगितले."

"तिने काय केले?"

"भात वाढला. वरण वाढले नाही."

राजा उठून खिडकीपाशी गेला. म्हणाला, "तिला जेवढे जमले, तेवढे मलाही जमले पाहिजे. त्या माणसाने माझ्या नगरात पाऊल ठेवू नये. आणि त्याला कोणी हातही लावू नये."

पावसाळा संपला तेव्हा राजाने जुनी दवंडी मागे घेतली. पुढे दोन्ही राज्यांत तह झाला आणि बहुतेक लोक आपापल्या गावी परतले. विपुला आणि ती बाळंतीण शेवटपर्यंत सोमतीरलाच राहिल्या. दंतिल पैलतीरावर राहून उतारावरून लोकांना नावेतून नेत असे. बोधिसत्त्वही आयुष्यभर लोकांची दुःखे विचारत आणि वारत राहून आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, तेव्हा विहाराच्या दाराशी युद्धातून पळून आलेली माणसे उभी होती आणि सुगुप्त नावाच्या भिक्षूने विचारले होते की, यांना अन्न देण्याआधी ती कोणत्या राज्याची आहेत हे विचारावे का. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा जयसेन राजा हा आजचा सुगुप्त. रोहण म्हणजे आज विहाराला धान्य देणारा उपासक मणिगुप्त. विपुला म्हणजे भिक्षुणी शांतमती. आणि तो वैद्य मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि तो दंतिल?"

शास्ते म्हणाले, "तो या सभेत आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. ज्याचे त्याने सांगावे."

सभेच्या मागच्या बाजूला बसलेला एक वृद्ध भिक्षू डोळे पुसत होता. शास्त्यांनी तिकडे पाहिले नाही. ते सुगुप्ताला म्हणाले, "भुकेलेल्याला जरूर विचार. पण किती दिवसांचा उपाशी आहेस, एवढेच विचार. याला करुणापारमिता, म्हणजे करुणेची परिपूर्णता, म्हणतात."