तंबाखूचा रकाना

"पण मी नुसता गप्प बसलो, तर ते खोटं कसं होईल, आप्पा?"

मन्मथ हलकुडेने हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी डाळ निवडत होतो. मठाचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, सत्तावीस वर्षं झाली. ओसरीवर बसून डाळ निवडता निवडता मी पुष्कळ शहाणे येताना पाहिलेत. त्यांत कडक इस्त्रीचा हाच.

विमा एजंट. जिल्ह्यात पहिला नंबर. कंपनीने त्याला बँकॉक दाखवून आणलंय, आणि ते तो हात जोडून शरणार्थ म्हणायच्या आधी सांगतो.

आप्पा चिंचा फोडत होते. मठाचे स्वामी असले तरी त्यांना रिकामं बसवत नाही.

"गुरुवारी जायचंय कुठे तुला?"

"विमा लोकपालाकडे. कंपनीने पैसे नाकारले की तिथे दाद मागता येते. महानंदाने साक्षीला माझं नाव दिलंय."

महानंदा म्हणजे नागनाथ वेल्डरची बायको. परवाच मठात येऊन गेली. नागनाथचं दुकान फाट्यावर होतं. या मठाचं फाटक त्यानेच करून दिलं, मजुरीचं नाव काढलं नाही. सात महिन्यांपूर्वी छातीत कळ आली आणि तिसऱ्या दिवशी माणूस गेला. विमा काढून दोन वर्षंही झाली नव्हती.

पन्नास लाखांचा विमा. आणि कंपनीचं पत्र आलं की एक रुपया मिळणार नाही. का, तर फॉर्मवर लिहिलंय तंबाखू खात नाही, आणि दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय बारा वर्षं खातो.

दवाखान्यात हे सांगितलं कोणी? तिनेच.

"डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं. औषध चुकू नये म्हणून सांगितलं हो," असं म्हणत ती या खांबाला टेकून रडली होती. मी भात वाढला, तो तिने नुसता चिवडला. माझा संताप संताप झाला होता त्या दिवशी, आणि आज हे साहेब सेंट मारून आलेले.

"आधी मला हा विमा समजाव," आप्पा म्हणाले.

मन्मथचा चेहरा खुलला.

"याला टर्म म्हणतात, आप्पा. हप्ता थोडा, रक्कम मोठी. माणूस मुदतीत गेला तर घरच्यांना पैसे."

"जगला तर?"

"काही नाही. हप्ता गेला तो गेला."

"मग घेतं कोण?"

"तेच तर सांगतो ना! लोक पैसे परत देणाऱ्या पॉलिसीला भुलतात आणि दोन-चार लाखांचा विमा घेऊन बसतात. तेवढ्यात घर किती दिवस चालणार? मी म्हणतो, वर्षाच्या कमाईच्या पंधरा पट घ्या. पोरं हाताशी येईपर्यंतची मुदत घ्या. आणि परत काय मिळेल हे विचारूच नका. तुम्ही जगलात हेच मिळालं."

माणूस समजावतो छान, ते मी नाकारणार नाही. डाळ बाजूला ठेवून मीही ऐकत बसलो होतो.

"नागनाथला पटलं?"

"एका बैठकीत. म्हणाला, मी नसलो तर पोरीची शाळा सुटू नये, एवढंच बघा."

"म्हणजे त्याने जे विकत घेतलं, ते त्याला कधी दिसणारच नव्हतं."

"नाही..."

"तो नसेल त्या दिवसासाठी घेतलं."

"हो."

"त्या दिवशी त्याच्या बाजूने बोलायचं कोणी?"

मन्मथने घड्याळ सारखं केलं. ते सारखंच होतं.

आप्पांनी आणखी दोन चिंचा फोडल्या.

"फॉर्म कोणी भरला?"

"मी. तो कामात होता, हात काळे झालेले. म्हणाला, तुम्हीच भरा, मी सही करतो."

"तंबाखूचं विचारलंस?"

"विचारलं की. 'खातो, लिहा,' म्हणाला."

"मग?"

"आप्पा, खाणाऱ्याला हप्ता जवळजवळ दीडपट बसतो. तो मागे हटला असता. मी त्याच्या भल्यासाठी..."

"मग?"

"मी म्हटलं, असलं काही लिहायचं नसतं."

"आणि?"

"नाही वर खूण केली."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, त्याने तोंडाने सांगितलं होतं ना तुला!"

"तुम्ही डाळ निवडा, इरण्णा." मन्मथ माझ्यावर खेकसला. मग आप्पांकडे वळून आवाज खाली आणला. "सगळेच असं करतात, आप्पा. एक मी नाही. आता गुरुवारी मी हे सांगितलं, तर माझं लायसन्स जाईल. बाकीच्या घरांतले फॉर्म उघडतील. माझंही घर आहे. म्हणून म्हणतो, मी तिच्या विरुद्ध बोलणार नाही. नुसता जाणार नाही. आठवत नाही असं कळवीन. गप्प बसणं पाप आहे का, तेवढं सांगा."

"तू सांगितलंस तर तिला पैसे मिळतील?"

"खात्री नाही. वकील म्हणतो, आशा आहे. मी गेलो नाही तर..."

"तर?"

"तर तिला काहीच नाही."

फाटक वाऱ्याने हललं. नागनाथने बिजागरी अशी बसवली आहे की आवाज येत नाही.

आप्पांनी चिंचेचे हात धोतराला पुसले.

"मन्मथ, तंबाखू आहे का रे तुझ्याजवळ?"

मी चाटच पडलो. सत्तावीस वर्षांत मी या माणसाला सुपारीचं खांडही तोंडात टाकताना पाहिलं नाही.

मन्मथला मात्र हायसं वाटलं. आप्पा आपल्यातलेच निघाले, असं काहीसं त्याला वाटलं असावं. इस्त्रीच्या खिशातून त्याने पुडी काढली, चुन्याची डबी काढली. तंबाखू तळहातावर घेतली, नखाने चुना लावला, अंगठ्याने मळली, दोन थापट्या मारल्या. इतका सराईत हात! मळून झाल्यावर त्याने अदबीने तळहात पुढे केला.

"घ्या, आप्पा."

आप्पांनी घेतली नाही.

"नागनाथ अशीच मळायचा?"

"हो... त्या दिवशीही मळली होती. मलाही दिली."

"फॉर्म भरताना?"

"हो."

"तोंडात त्याची तंबाखू, आणि हातात पेन."

मन्मथचा हात तसाच पुढे होता.

"तुझाही विमा असेल."

"आहे ना!" त्याचा सूर पुन्हा चढला. "दोन कोटींचा. मी लोकांना आधी स्वतःचीच पॉलिसी दाखवतो. गेल्या वर्षी घेतली."

"फॉर्म कोणी भरला?"

"मीच."

"तंबाखूच्या रकान्यात काय लिहिलंस?"

त्याने तळहाताकडे पाहिलं. मग मूठ मिटली. मिटलेल्या मुठीच्या फटीतून थोडी तंबाखू माझ्या डाळीच्या सुपात पडली, तीही मी निवडून काढली.

"तुझ्या बायकोला माहीत आहे?"

"तंबाखूचं? तिला माहीत नसेल होय! रोज भांडते."

"फॉर्मचं."

"नाही... ते कशाला सांगायचं?"

"उद्या तुला कळ आली आणि डॉक्टरने तिला विचारलं, तर काय सांगेल ती?"

बँकॉक, पहिला नंबर, सगळं उतरलं मन्मथच्या चेहऱ्यावरून. पहिल्यांदाच मला त्याची थोडी कीव आली. फार नाही.

"खरं सांगेल," तो हळूच म्हणाला. "ती घाबरलेली असेल, आप्पा. खरंच सांगेल ती..."

आप्पांनी पुन्हा चिंच हातात घेतली.

मन्मथ उठला. पाया पडायला वाकला, तेव्हा मूठ मिटलेलीच होती. पायरीवर जाऊन थांबला.

"मग गुरुवारचं काय करू, आप्पा?"

आप्पांनी मान वर केली नाही.

"गुरुवार महानंदाचा आहे. तुझ्या बायकोचा दिवस अजून यायचाय. गप्पच बसायचं असेल तर घरी जा, तिला खोटं बोलायला शिकव."