टिटवीचा डोळा

एका राज्यात एक नियम होता: चित्रातल्या पाखराला डोळा काढायचा नाही. काढील त्याचा हात तुटेल. का, हे विचारायचे नाही.

त्या राज्याच्या गडावर कमळजा नावाची तिरंदाज शिपाईण पहाऱ्याला होती. एकदा पहाटे तिला डुलकी लागली आणि शत्रू तटाला भिडला. तोच एक टिटवी ओरडली. कमळजा दचकून उठली, गड वाचला. शत्रूच्या मांत्रिकाने रागाने मूठभर राख फुंकली, तशी राज्यातली सारी पाखरे दगड झाली. जाताना तो म्हणाला, "चित्रातल्या पाखराला डोळा फुटला, तर गड जळेल." वडीलधाऱ्यांनी लगेच नियम केला.

कमळजाने धनुष्य खुंटीला टांगले. गेरू, हळद, कोळसा घेऊन ती आपली आपण पाखरे रंगवायला शिकली. गुरू कोणी नव्हता. टिटवीचे उपकार तेवढे होते.

वेशीवर दगडी पोपट बसला होता. दगड झाला तरी पोपट गप्प थोडाच बसतो! तो म्हणाला, "शिपाईणबाई, तीन पाखरे रंगव. जिची पिसे तुझ्या बाणांना होती, ती घार. जो तुझ्या बाणाने मेला, तो होला. जिने तुला जागे केले, ती टिटवी. तिघांना डोळे दे, शाप तुटेल."

तिने बुरुजाच्या भिंतीवर घार काढली, होला काढला, डोळे दिले. दोघे हलेनात.

पोपट खो खो हसला. "अगं, नेम धरतेस होय? एक डोळा मिटून पाहिले तर शिकारच दिसायची!"

कमळजा ओशाळली. दोन्ही डोळे उघडून तिने चित्रे पुन्हा काढली. घार भिंतीतून उडाली. मागोमाग होला उडाला.

मग तिने टिटवी काढली. डोळा तेवढा उरला, तेव्हा वडीलधारे धावत आले. पुढे म्हातारे कारभारी भानजी, हातात तलवार.

"पोरी, थांब! नियम आहे."

"कोणाचा, आजोबा?"

"विचारायचे नसते!"

"शत्रूने भीती घातली, ती तुम्ही जपलीत. हिच्या ओरडण्याने सगळे जगलात. एकाने तरी हिला हात जोडले?"

"हात तुटेल तुझा."

"तुटू दे. हिनेच राखलेला हात आहे. मी थांबणार नाही."

तिने काळा ठिपका ठेवला.

टिटवी भिंतीतून सुटली, गडावर घिरटी घालून ओरडली. त्यासरशी शेतांत, तळ्याकाठी, देवळांवर दगड तडकले आणि आभाळ पंखांनी भरून गेले. गड काही जळला नाही.

कमळजाने टिटवीला हात जोडले. भानजींनी बोलायला तोंड उघडले. टिटवी पुन्हा ओरडली. त्यांनी तलवार खाली ठेवली आणि हात जोडले. मागचे सारे वडीलधारेही हात जोडून उभे राहिले, ऐकत.