चिमटीची पेन्सिल गेली बिळात

एक होती उंदरी. एवढीश्शी! चिमटीत मावायची, म्हणून नाव चिमटी.

चिमटीला आई होती. पण ती गेली. आता परत येणार नव्हती. आईनं तिला पाटीवरची पेन्सिल दिली होती. दातांनी कुरतडून कुरतडून चिमटीच्या पंजाएवढी केलेली.

विहिरीकाठी साळुंकीबाईंची शाळा. आज इंग्रजीचा तास. बाई म्हणाल्या, "रोज रोज जे करता, ते इंग्रजीत लिहा बरं!"

बेडकानं लिहिलं, "आय जम्प." चिमणीनं लिहिलं, "आय फ्लाय."

चिमटी लिहायला गेली, तर टुक्! पेन्सिल निसटली. गडगड गडगड... थेट खेकड्याच्या बिळात!

"रडू नको बाळा, माझी घे," बाई म्हणाल्या.

"नको. मला आईनं केलेली हवी."

चिमटी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"खेकडेदादा, खेकडेदादा, पेन्सिल दे.
माझी पाटी कोरी, मी लिहू कशी?"

खेकडाच तो, सरळ कसा बोलेल! म्हणाला, "मी नाही जा! माझं बीळ सुकलं. पाटात पाणी येऊ दे, मग देईन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"पाणीताई, पाणीताई, पाटात ये.
खेकडा देईना.
माझी पाटी कोरी, मी लिहू कशी?"

विहिरीच्या तळाशी पाणी हललं. डुबुक डुबुक. "मी नाही जा! एवढ्या खोलातून चढू कशी? मोट मला न्यायला येऊ दे, मग येईन."

विहिरीवर मोट लटकली होती. पाणी वर आणायची मोठ्ठी चामड्याची पिशवी.

"मोटमावशी, मोटमावशी, पाणी आण.
पाणी येईना.
खेकडा देईना.
माझी पाटी कोरी, मी लिहू कशी?"

मोट कुरकुरली. कर्र कर्र. "मी नाही जा! बैल मला ओढू दे, मग आणीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. बैल गोठ्यात बसला होता. मान खाली घालून.

"बैलोबा, बैलोबा, मोट ओढ.
मोट हलेना.
पाणी येईना.
खेकडा देईना.
माझी पाटी कोरी, मी लिहू कशी?"

बैल हळूच म्हणाला, "माझा जोडीदार गेला गं. रोज आम्ही दोघं ओढायचो. आता शेजारी कुणी नाही. मी एकटा चालू कसा?"

चिमटी त्याच्याजवळ बसली. "माझी आई पण गेली," म्हणाली.

दोघं रडली. खूप खूप रडली. मग चिमटीनं डोळे पुसले.

"ऊठ. मी चालते तुझ्या शेजारी."

बैल उठला. धप्प धप्प. शेजारी तुरु तुरु.

बैल मोट ओढू लागला. मोट पाणी आणू लागली. पाणी पाटात आलं, खळखळ खळखळ. खेकडा बाहेर आला, तिरका तिरका. "ही घे तुझी पेन्सिल!"

चिमटीनं पेन्सिल गालाला लावली. मग पाटीवर लिहिलं, "आय लव्ह माय मदर."

बेडूक म्हणाला, "अगं, पण तुझी आई तर नाही ना!"

"नाहीये," चिमटी म्हणाली. "पण मी माया करते. रोज करते."

"बरोबर लिहिलंस हो," साळुंकीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पंख उघडला. चिमटी पंखाखाली शिरली आणि पुन्हा थोडंसं रडली.