टिकलीचा चौथा सड

एक होती पारडी. म्हशीची लेक. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली.

म्हशीला चार सड. चारही सडांतून दूध येई. तीन सड हौसामावशीच्या बादलीला. चौथा सड टिकलीला.

एक दिवस काय झालं? दूध कमी पडलं. मावशीनं चौथाही सड पिळला. चुर्र चुर्र! टिकलीपुढे ठेवलं पातेलं. पातेल्यात पातळ पेज.

टिकलीनं मान खाली घातली. पेज गेली नाकात. फूंऽऽ फूंऽऽ! ठसका लागला. पोटात गुडगुड, गुडगुड.

रोज पेज. रोज ठसका. टिकली वाळली.

"मावशी, मावशी, माझा सड सोड."

"नाही गं बाई. म्हशीला सांग, जास्त दूध दे. मग सोडीन."

टिकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"आई, आई, जास्त दूध दे!
मावशी सड सोडेना,
पोट माझं भरेना!"

म्हैस म्हणाली, "नुसता वाळका कडबा खाते मी. पान्हा कसा फुटेल? हिरव्या घासाला सांग, वाढ म्हणावं."

टिकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

"घासा, घासा, वाढ ना!
म्हैस पान्हवेना,
मावशी सड सोडेना,
पोट माझं भरेना!"

घास म्हणाला, "तहान लागलीय मला. वाढू कसा? पाटाला सांग, वाह म्हणावं."

टिकली निघाली. लुटुलुटु... थांबली. पुन्हा लुटुलुटु.

"पाटा, पाटा, वाह ना!
घास वाढेना,
म्हैस पान्हवेना,
मावशी सड सोडेना,
पोट माझं भरेना!"

पाट म्हणाला, "गळ्याशी गाळ अडकलाय. वाहू कसा? पाट राखणाऱ्या भिवाआजोबांना सांग, गाळ काढा म्हणावं."

भिवाआजोबा बांधावर बसले होते. फावडं शेजारी.

"आजोबा, आजोबा, गाळ काढा ना!
पाट वाहेना,
घास वाढेना,
म्हैस पान्हवेना,
मावशी सड सोडेना,
पोट माझं भरेना!"

"उद्या बघू," आजोबा म्हणाले.

टिकली मागे वळली. धप्प! बसलीच ती खाली.

आजोबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसत्या फासळ्या लागल्या.

"अरे अरे! उद्या उद्या करत बसलो, आणि पोर वाळली. चुकलं माझं."

आजोबांनी फावडं उचललं. खस्स खस्स!

गाळ निघाला, पाट वाहिला. खळखळ खळखळ!
पाट वाहिला, घास भिजला.

पण घास काही लगेच वाढतो? टिकली वाट बघत राहिली. पेज पीत राहिली. फूंऽऽ फूंऽऽ!

मग एकदाचा घास वाढला. सळसळ सळसळ!
घास वाढला, म्हशीनं खाल्ला. कचर कचर!
म्हशीनं खाल्ला, पान्हा फुटला.
पान्हा फुटला, बादली भरली.

दूध काढताना बांधलेलं टिकलीचं दावं मावशीनं सोडलं. टिकली धावली. म्हशीच्या कासेला ढुशी दिली. मान वर केली. चुटुक चुटुक चुटुक! ठसका नाही. गुडगुड नाही. तोंडाला दुधाचा फेसच फेस.

म्हैस तिला चाटू लागली. "इतके दिवस उपाशी राहिलीस गं बाळा."

मावशी बघत होती. कुंपणापलीकडे शेजारची पारडी उड्या मारत होती. दोघी एकाच दिवशी जन्मलेल्या. ती केवढी उंच! आणि आपली टिकली एवढीशी.

मावशीचे डोळे भरले.

"टिकले, तुझ्या तोंडचं दूध मी बादलीत नेलं गं. आधीच सोडायला हवा होता तुझा सड."

टिकलीनं नुसतं शेपूट हलवलं. तोंडात सड होता ना!

त्या दिवसापासून चौथ्या सडाला मावशीनं हात लावला नाही. टिकली गुटगुटीत झाली. काळीभोर, तुकतुकीत झाली. उंचीला मात्र जराशी कमीच राहिली.

तिला दूध पिताना बघून मावशी रोज म्हणायची, "पी बाई, पोटभर पी. मला घाई नाही."