तीन चाकांचा सूर्यरथ

एका राज्यात कालदंत नावाच्या जादूगाराची पाठशाळा होती. पाच वर्षांच्या लेकरांना तो दर पौर्णिमेला एक काम करून आणायला सांगे, अन् ज्याचं काम बिघडेल त्याचा दगड करीन, असा धाक घाली.

त्याच राज्यात गोजरा रंगारीण राहत असे. नवरा तांड्याबरोबर दूरदेशी गेलेला. घरी ती अन् तिची पाच वर्षांची लेक ठकी, त्याच पाठशाळेत जाणारी.

पहिलं काम आलं: सात वेशींचं मातीचं नगर. ठकीने चिखलाचा एक गोळा थापला. "दे इकडे," गोजरा म्हणाली. चुलीवर रंगाची कढई करपली, पण नगर उभं राहिलं. त्या दिवसापासून ठकी गाईनाशी झाली.

दुसरं काम: शंभर पिसांचा कागदी मोर. "हे काम लेकराचं की माझं?" असं भिंतींना विचारत गोजराने पिसं कातरली. मोर झाला, नाचलाही. अन् ठकीचे 'आई, हे का? आई, ते का?' थांबले.

तिसरं काम ठरलं सात घोड्यांचा सूर्यरथ. ते ऐकून गोजरा पाठशाळेच्या दारातच रडू लागली. तेव्हा दारावरचा राघू बोलला, "पहिल्यात गाणं गेलं, दुसऱ्यात प्रश्न. तिसरं काम तू केलंस, तर पोरीचा बोल जाईल. जादूगार झोळीत लेकरांचे आवाज साठवतो."

"अन् नाही केलं तर दगड होईल!"

"दगड झालेलं लेकरू पाहिलंस कधी?"

गोजरा धावत राजाकडे गेली. राजा मुकुट उतरवून, बोटांना खळ फासून, लाकडी घोड्याला शेपटी चिकटवत होता. शेजारी राजपुत्र गुमान बसला होता.

"महाराज, आपण?"

"काय करू बाई? घोडा उभाच राहत नाही."

तिने राघूचे शब्द सांगितले. राजाचे डोळे भरून आले. "पण राघू खोटा निघाला तर?"

गोजरा घरी आली, लाकूड अन् कागद ठकीपुढे ठेवले अन् आपले हात मांडीखाली दाबून बसली. बोटं शिवशिवत होती. ठकी तीन दिवस खपली.

पौर्णिमेच्या सकाळी सभा भरली. कालदंताने ठकीचा रथ उचलला, खदखदून हसला.

"सूर्याच्या रथाला चाक एक. याला तीन कशी?"

"एकावर पडतो," ठकी म्हणाली.

"घोडे दोनच?"

"बाकीचे चरायला गेलेत."

"कुणी केलं हे?"

"मी!"

तो शब्द सभेत घुमला मात्र, जादूगाराची झोळी टराटरा फाटली. आतले आवाज पाखरांच्या थव्यासारखे उडाले अन् ज्याच्या त्याच्या गळ्यात जाऊन बसले. कालदंताचा धूर झाला.

राजाच्या हातातल्या रथाकडे पाहत राजपुत्राने घसा खाकरला. "आबासाहेब, घोड्याची शेपटी उलटी बसलीय."

"मग आता?"

"सरका. मी लावतो."

राजा सरकला. गोजराच्या कडेवर ठकी मोठमोठ्याने गात होती, सूर सोडून. गोजराने तिला एकदाही टोकलं नाही.

लेकरांचे बोल लेकरांना मिळाले, आयाबापांच्या हातांना विसावा मिळाला. तसा तुम्हाआम्हालाही मिळो.