चार सुतांचा हेवा

घाटमाथ्यावरच्या एका गावात दोन मिस्त्री होते. रस्त्याच्या अलीकडे केरबा लोहार, पलीकडे सिद्राम पांचाळ. दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झालेले, एका डब्यातली भाकरी वाटून खाल्लेले. केरबा गाड्यांच्या चासी बांधायचा. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. इंजिन, पत्रा, माणसं, सगळ्यांचं ओझं तिच्यावर. सिद्राम सस्पेन्शनचं काम करायचा, म्हणजे स्प्रिंगा, धक्के झेलणारे शॉकअप आणि चाकांचा आस जागेवर धरून ठेवणाऱ्या दांड्या. एकानं हाडं करायची, दुसऱ्यानं सांधे. काम दोघांनाही भरपूर होतं. गोष्ट इथंच संपायला हवी होती, पण केरबाला सिद्रामचं बरं चाललेलं बघवत नसे.

त्याचं दुखणं साधं होतं. गाडी तयार होऊन बाहेर पडली की लोक तिचा एक कोपरा हातानं दाबत. गाडी खाली जाई, वर येई आणि गप्प उभी राही. लगेच कुणीतरी म्हणे, "वा सिद्राम!" चासी बघायला कोण खाली वाकणार? तिथं चिखल असतो आणि कपडे खराब होतात. जन्मभर केरबानं ओझं पेलणारी कामं केली आणि जन्मभर वाहवा समोरच्याच्या दारात गेली.

सिद्रामनं नवं वेल्डिंग मशीन आणलं तेव्हा केरबाला जेवण गोड लागलं नाही. सिद्रामच्या दारात चहाला चार माणसं जमली की केरबाच्या हातातला हातोडा उगाच जोरात पडे. शेवटी त्यानं आपलं स्टूल फिरवलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसू लागला. मग बघायला मिळेना म्हणून जास्तच जीव खालीवर होऊ लागला. तेव्हा त्यानं एका मोडक्या ट्रकचा आरसा भिंतीला ठोकला. त्यात सिद्रामचं दार अगदी नीट दिसायचं. बायको हौसा म्हणाली, "अवो, एवढी मान दुखवून घेन्यापरीस सरळ तोंड करून बसा की!" केरबा गुरगुरला आणि आरसा आणखी थोडा वळवून घेतला.

अशात सर्जेराव इनामदारांनी त्यांच्या वडिलांची जुनी अमेरिकन गाडी बाहेर काढली. लांबलचक नाक, आठ सिलिंडरांचं इंजिन, चालू केली की अंगणातल्या कोंबड्या पळायच्या. शहरातले शौकीन तिला मसल कार म्हणतात, गावात ती रावांची गाडी. इंजिन ठणठणीत होतं, पण चासी गंजून पापड झाली होती आणि मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसले होते. रावांनी दोघांनाही बोलावलं. चासी नवी, केरबाच्या हातची. मागचे पाटे काढून तिथं स्प्रिंगा आणि लांब दांड्या, सिद्रामच्या हातच्या.

"तुम्ही दोघं मिळून केलंत तर ही गाडी पुन्हा रस्त्यावर येईल," राव म्हणाले. "नाहीतर भंगारात."

गाडी केरबाच्या शेडमध्ये उभी राहिली, कारण त्याचं छप्पर उंच होतं. केरबानं जीव ओतून चासी बांधली. जाड पत्र्याच्या चौकटी, मध्ये आडवे बार, एकेक जोड असा की बोट फिरवलं तरी खडबडीत लागू नये. शेवटी दोन ब्रॅकेट राहिले. सिद्रामच्या दांड्यांची पुढची टोकं त्यात अडकायची होती, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्या दोन्हीची जागा समोरासमोर बरोबर आली, तरच मागचा आस सरळ राहणार.

उजवं ब्रॅकेट त्यानं जोडलं. डावं हातात घेतलं आणि नजर आरशाकडे गेली. सिद्राम दारात हसत उभा होता. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं.

केरबाच्या मनात आलं, ही गाडी बाजारातून फिरेल आणि सगळा गाव म्हणेल, वा सिद्राम! त्यानं डावं ब्रॅकेट खुणेवरून चार सूत मागं सरकवलं आणि तिथंच पक्कं जोडून टाकलं. चार सूत म्हणजे जेमतेम अर्धा इंच. नुसत्या डोळ्याला दिसणार नाही, पण आस तिरका होईल आणि गाडी खेकड्यासारखी चालेल. बाजाराच्या सपाट रस्त्यावर पहिली फेरी व्हायची होती. तिथं कुणाला इजा होणार नव्हती, फक्त सिद्रामचं हसं होणार होतं. केरबाला एवढंच हवं होतं, आणि असं म्हणताना त्याला स्वतःचा हिशेब फार सभ्य वाटला.

सिद्राम दांड्या बसवायला आला त्या दिवशी केरबा मुद्दाम पाहुण्यांकडे निघून गेला. संध्याकाळी परतला तर काम झालेलं होतं.

"कसं काय बसलं?" त्यानं विचारलं.

"बसलं की," सिद्राम हात पुसत म्हणाला. "माझ्याच मापात थोडं हिकडंतिकडं झालं हुतं. निस्तरलं."

केरबा मनात म्हणाला, निस्तरलं कसलं, फसलंय. त्या रात्री त्यानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आता त्यांच्या वस्तादांचा एक दंडक होता. नवी चासी पहिल्यांदा रस्त्यावर निघेल तेव्हा बांधणाऱ्याच्या घरचं माणूस आत बसलं पाहिजे, आणि सस्पेन्शनवाल्यानं गाडी चालवली पाहिजे. घरचं माणूस बसणार म्हटलं की हात आपोआप नीट चालतो, असं वस्ताद म्हणायचे. केरबाच्या घरून आजवर केरबाच बसत आला होता. पण फेरीच्या आदल्या दिवशी राव आले आणि म्हणाले, "बाजारात नको. पहिली फेरी घाट उतरून खालच्या देवीला नेऊ." त्यांची पाठ वळते न वळते तोच हौसा म्हणाली, "ह्या बारीला मी बी बसनार. तुमच्या हातच्या येवढ्या गाड्या रस्त्याला लागल्या, मी कंदी एकीत बसले न्हाई."

"घाट हाय, तुला गरगरंल," केरबा म्हणाला.

"गरगरू द्या. इरकल बी काढून ठेवलंय."

केरबाच्या पायाखालची जमीन सरकली. तिरक्या आसाची गाडी, वळणावळणाचा घाट, आणि मागं इरकल नेसून बसलेली हौसा. सिद्रामकडे जाऊन एक वाक्य बोलला असता तर सगळं मिटलं असतं: लेका, मी ब्रॅकेट चुकीचं लावलंय. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. सिद्रामपुढं मान खाली घालायची? त्यापेक्षा गुपचूप नीट करू, कुणाला कळणारही नाही.

दुपारी सिद्राम जेवायला घरी गेला, तसा केरबा गाडीखाली शिरला. बोल्ट काढला, वेल्डिंग घासून ब्रॅकेट सोडवलं, मूळ खुणेवर आणलं आणि जोडलं. दांडीचं टोक पुढं येईना, तेव्हा पहार घालून आस पुढं ओढला आणि बोल्ट बसवला. एवढं ओढावं लागणारच, असं त्यानं धरलं होतं. मग घाईघाईनं काळा रंग मारला. वस्तादांनी शिकवलं होतं, जोड बदलला की दोरी लावून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायचं. पण चोरून काम करणाऱ्याला दोरी लावायला सवड कुठली? समोरचं दार वाजलं आणि केरबा स्टुलावर जाऊन बसला. जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. सिद्राम चालवायला, शेजारी केरबा, मागं हौसा खिडकीची काच खाली करून. राव जीपमधून मागं आणि निम्मा गाव मोटारसायकलींवर. गावातून हळू जाताना कुणाला काही जाणवलं नाही. घाटाचा उतार लागला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. डावीकडे दरी होती.

सिद्रामनं स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं. केरबाला वाटलं, हा मुद्दाम करतोय का? मग सिद्रामच्या कपाळावरचा घाम दिसला. दुसऱ्या वळणावर ब्रेक लागले तशी गाडीची मागची बाजू सरकली आणि हौसा ओरडली. सिद्रामनं अंगातलं सगळं बळ लावून गाडी उजवीकडच्या डोंगराला घातली. चाक गटारात गेलं, दणका बसला आणि गाडी थांबली.

हौसाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं. हातातल्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. केरबानं तिला उतरवून कडेच्या दगडावर बसवलं. तोवर लोक पोचले.

"सस्पेन्शन कुणाचं? सिद्रामचं!" एकजण ओरडला.

"एवढं नाव सांगतोस आणि हे काम?" दुसरा म्हणाला.

रावांचा आवाज चढला. "सिद्राम, बाईमाणूस होतं गाडीत!"

"खरं हाय, राव," सिद्राम म्हणाला. "माझीच चूक असनार."

हेच शब्द ऐकायला केरबा इतकी वर्षं आसुसला होता. सगळ्या गावासमोर, सिद्रामच्याच तोंडून. आता ते ऐकले आणि घासात खडा लागावा तसं झालं.

सिद्राम दोरी घेऊन गाडीखाली गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना ओला काळा रंग लागला होता. त्यानं केरबाकडे एकदा बघितलं आणि हात विजारीला पुसला. मग तो फक्त केरबाला ऐकू जाईल इतक्या हळू बोलला.

"मी दोन्ही दांड्या सारख्याच कापल्या हुत्या. लावल्या तर आस तिरका. म्हटलं, केरबाचं ब्रॅकेट कंदी चुकायचं न्हाई, माझंच माप चुकलं. म्हनून डावी दांडी चार सूत कापून आखूड केली. आस सरळ झाला हुता, गड्या." त्यानं दोरी गुंडाळली. "आता ब्रॅकेट जाग्यावर हाय आन् दांडी आखूड."

एवढं बोलून तो रावांकडे वळला. "राव, मी नीट करून देतो. माझ्याकडूनच झालं."

म्हणजे केरबाला बोलायची गरजच नव्हती. सिद्रामनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. गप्प बसलं की काम झालं. केरबानं हौसाकडे बघितलं. ती मनगटाला पदर गुंडाळून दगडावर बसली होती आणि त्याच्या नखांकडे बघत होती. त्याच्याही नखांत तोच काळा रंग होता.

केरबाला लाज वाटली. इतकी, की दरीत उडी मारणं सोपं वाटावं. ज्या माणसाचं हसं करायला तो निघाला होता, त्या माणसानं स्वतःच्या मापापेक्षा केरबाच्या हातावर जास्त विश्वास ठेवला होता.

"त्याची चूक न्हाई," केरबा म्हणाला. तो रावांसमोर येऊन उभा राहिला. "ब्रॅकेट मी वाकडं लावलं. मुद्दाम. लोक त्याला वा म्हनत्यात ते मला सोसत न्हवतं. काल हौसा बसनार म्हटल्यावर चोरून सरळ केलं. त्याला सांगितलं असतं तर आज हे झालं नसतं."

राव जीपचं दार धरून उभे राहिले. त्यांनी काही म्हणण्याआधी हौसा उठली.

"गाडी वर न्या आन् नीट करा," ती म्हणाली. "मी परत बसनार हाय. पर दांडी सिद्रामभावजी लावतील तवा तुम्ही पाहुन्याकडं जायाचं न्हाई. दोरीचं एक टोक तुम्ही धरायचं."

राव म्हणाले, "वहिनी म्हणतील तसं."

गाडी ट्रॅक्टरनं ओढून वर आणली. सिद्रामनं नवी दांडी कापली, केरबानं दोरीचं दुसरं टोक धरलं. माप तिरकं घेतलं, उलटं घेतलं, आणि दोन्ही बरोबर आलं. हौसाच्या मनगटावरची जखम भरल्यावर गाडी पुन्हा घाट उतरली. हौसा मागं बसून खिडकीतून दरी बघत होती आणि देवीपर्यंत तिला एकदाही गरगरलं नाही.

देवळापाशी एका म्हाताऱ्यानं गाडीचा कोपरा दाबला. गाडी खाली गेली, वर आली आणि गप्प उभी राहिली. "वा सिद्राम!" म्हातारा म्हणाला. केरबाचा जुना हेवा जागा झालाच. तो काही एका दिवसात जाणारा नव्हता. पण या वेळी तो तोंड फिरवून उभा राहिला नाही. "हात चांगला हाय त्याचा," तो म्हणाला. बोलायला जड गेलं, पण बोलला.

घरी आल्यावर त्यानं भिंतीवरचा ट्रकचा आरसा काढला आणि स्टूल रस्त्याकडे वळवलं. समोर सिद्राम बसला होता. त्यानं हात वर केला. केरबानंही केला.

तात्पर्य: हेव्यापोटी केलेलं वाकडं काम गुपचूप सरळ करू गेलं तर ते आणखी वाकडं होतं, ज्याचं वाईट चिंतलं त्याच्यासमोर कबूल केलं तरच ते सरळ होतं.