गच्चीवरचा सोफा

कुमुदिनीबाईंचा दिवाणखाना थेट गच्चीत उघडतो, म्हणून दोन्हीकडे चालेल असा सोफा घ्यायला त्या यजमानांबरोबर दौलतशेठांच्या शोरूममध्ये गेल्या.

"हा राजेलोकांचा माल आहे," शेठ पोटावरून हात फिरवत म्हणाले. "भर पावसात ठेवा, काही होणार नाही."

यजमान लगेच भुलले. बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एवढा दणकट सोफा, मग त्यावर प्लॅस्टिक कशाला घातलंय?

त्यांनी प्लॅस्टिक बाजूला सारलं आणि शेठांनीच मागवलेला पाण्याचा पेला गादीवर हळूच तिरका केला. शेठांनी झडप घालून त्यांचा हात धरला.

"अहो बाई, डाग पडेल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या गच्चीवर पाऊस आला की त्याचाही हात धरायला याल ना, शेठ?"